चालतं का, टिकतं का, पळतं का

रविवारी सकाळी बाबा पुन्हा अर्ध्यात अडकले. "मला जरा" एवढं बोलून त्यांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर गप्प झाला, पडदा काळा पडला, आणि त्यांना जरा काय हवंय हे कळायला धाकट्या लेकीला खाणाखुणांचा आधार घ्यावा लागला. खिडकी उघडून हवी होती. तिने ती उघडली, मशीन पुन्हा चालू केलं आणि ते जिवंत होईपर्यंत खोलीत येरझाऱ्या घातल्या.

बाबा जन्मभर क्रेन चालवायचे. उंचावरून खालच्यांना ओरडून ओरडून कमावलेला तो आवाज. तीन वर्षांपूर्वी घशाच्या आजारात स्वरयंत्रच काढावं लागलं. ऑपरेशनच्या आधी त्यांनी रोजच्या बोलण्यातली काही शे वाक्यं एका प्रोग्राममध्ये भरून ठेवली होती. बटण दाबलं की त्यांचाच खणखणीत आवाज यायचा. प्रोग्राम बनवणाऱ्याने मात्र कधीच गाशा गुंडाळला होता. आवाज त्या प्रोग्रामच्या पोटात असे कोंडलेले, की तो चालला तरच ते बाहेर पडणार, आणि तो चालायचा फक्त या शेवटच्या घटका मोजणाऱ्या मशीनवर. ज्या दिवशी हे कायमचं डोळे मिटेल, त्या दिवशी बाबा दुसऱ्यांदा मुके होणार, या धास्तीने धाकटीला अन्न गोड लागत नव्हतं.

गंमत म्हणजे धाकटीचा पोटापाण्याचा उद्योगच हा. वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम शेजारी शेजारी बसवायच्या आणि कोण किती पाण्यात आहे ते पाहायचं. ऑफिसच्या अहवालात त्याला सुसंगतता, स्थैर्य, कार्यक्षमता असे भारदस्त शब्द होते. घरी ती सरळ विचारायची, चालतं का, टिकतं का, पळतं का. परक्यांची मशीनं ती या तीन प्रश्नांवर चुटकीसरशी निकालात काढायची. बापाच्या आवाजाला हात घालताना मात्र ती प्रत्येक बटण दोनदा बघून दाबत होती.

तिने दोन लॅपटॉप आणले होते. एकावर बाजारातली ताजी सिस्टिम, दिसायला झकपक. तिचं नाव तिने ठेवलं नटवी. दुसऱ्यावर कुणीही उचलून वापरावी अशी, पैसे न पडणारी, ती फुकटी. बाबांच्या टेबलावरची ती म्हातारी.

नटवीने प्रोग्राम लगेच उघडला. धाकटीचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच तो मिटलाही. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. चालतं, पण टिकत नाही. फुकटी तर प्रोग्रामला दारातच उभं करेना. मग धाकटीने तिच्या आत जुन्या सिस्टिमचं सोंग घेणारा एक थर बसवला, सेटिंगमध्ये डोकं घातलं, कॉफी गार करून घेतली, आणि दुपार कलताना एकदाचा बाबांचा आवाज आला, "नमस्कार." तिने "मला पाणी हवंय" दाबलं. "आज बरं वाटतंय" दाबलं. उठून फेरी मारून आली, पुन्हा दाबलं. न अडखळता, न पडता. आणि पळायला तर काय विचारता. म्हातारीवर बटण दाबलं की आधी ती घरघरायची, घोटभर चहा पिऊन व्हावा इतका वेळ खायची, मग बोलायची. इथे बोट टेकायचा अवकाश की आवाज हजर.

तिन्ही प्रश्नांना होकार मिळाला होता. तरी धाकटी खुर्चीत टेकेना. काहीतरी राहिलंय असं तिला सारखं वाटत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. शेवटी तिने फुकटी बाबांपुढे ठेवली.

तेवढ्यात आई आतून आली ती तणतणतच. बाबांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार तेल घालायला म्हणून काढलं होतं, ते पॅसेजमध्येच पडून होतं.

"आत्ता पुन्हा पाय लागला माझा त्याला," आई म्हणाली. "तुम्हाला काय, तुम्ही बसलात इथे राजासारखे. कधी बसवणार आहात ते दार?"

बाबांचं बोट कीबोर्डवर उतरलं.

"उगाच डोकं खाऊ नकोस. मला कळतं काय करायचं ते."

आई जागच्या जागी थिजली. बाबांचा चेहरा पडला. ते घाईघाईने कोपऱ्यातलं रद्दचं बटण दाबत राहिले, पण आता रद्द करायला उरलं काय होतं?

धाकटीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हातारी घरघरायला लागली की बाबांचा राग निवायचा, आणि वाक्य बाहेर पडायच्या आत ते रद्द करून टाकायचे. किती वेळा, ते त्यांचं त्यांना ठाऊक. बटण दाबल्यावर वाक्य येतं का, हे धाकटीने शंभरदा तपासलं होतं. दाबलेलं वाक्य मागे घेता येतं का, हे तपासायचं तिला सुचलंच नव्हतं. आपल्याच हातांनी आपण आईबापांत आग लावली, या विचाराने तिने लॅपटॉपकडे हात नेला.

"थांब आई, मी मध्ये थोडा वेळ घालते. पहिल्यासारखं करते. आत्ता होईल."

"हात लावू नकोस त्याला," आई म्हणाली.

धाकटीचा हात तसाच राहिला.

"ते वाक्य मीच भरायला लावलं होतं यांना," आई म्हणाली. "म्हटलं, हे नसेल तर तुम्ही तुम्ही कसले? आणि ऑपरेशननंतर एकदा म्हणून कानावर पडलं नाही. मी बोलायचे, मशीन घरघरायचं, आणि मग काही नाहीच. मला वाटलं, यांना आता माझ्याशी भांडावंसंसुद्धा वाटत नाही. मी आपली एकटीच भांडतेय भिंतीशी."

बाबांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग त्यांनी मान खाली घातली आणि नीट शोधून एक बटण दाबलं.

"करतो म्हटलं ना."

"कधी?" आईने पदराने डोळे पुसले.

"उद्या."

"उद्याचं नाव काढू नका. तुमचा उद्या म्हणजे—"

"ऐकून घे आधी."

"का म्हणून ऐकू? माझा अंगठा सुजलाय."

दोघांचे आवाज एकमेकांवर आदळत होते. आई थांबत नव्हती, बाबांची बोटंही थांबत नव्हती. हे भांडण आता कुठवर जाणार, धाकटीला कळेना. ती पुढे झाली.

"बाबा, राहू द्या, मी लावते ते दार. स्क्रू कुठे ठेवलेत?"

बाबांनी वळूनही पाहिलं नाही. बोट तेवढं हललं.

"तू मध्ये पडू नकोस."

ऑपरेशननंतर बापाने तिला आज पहिल्यांदा दटावलं होतं, अगदी पूर्वीसारखं. धाकटी मुकाट्याने खुर्चीत बसली आणि हमसून हमसून रडली. दोघांपैकी एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं.