नसलेला मजला

त्यानं तो मजला पुसला आणि वाचनालयाच्या दालनातले सगळे कॉलम स्क्रीनवर लाल झाले, म्हणजे नापास. परत आणला, हिरवे. परत पुसला, लाल.

"सिग्नल बसवतोयस का रे?" शेजारच्या टेबलावरून ड्राफ्ट्समन काकांनी विचारलं.

"काका, कॉलम तेच, सळ्या त्याच, वजन तेच. मी हात लावला जिन्याला आणि बोंब मारतंय दालन!"

"आजार रेड्याला, औषध पखालीला," म्हणत काका चहाचा कप घेऊन त्याच्यामागे येऊन उभे राहिले.

ऑफिसात त्याला सगळे खटपट्या म्हणत. डिग्री नव्हती. व्हिडिओ बघत, चुकत-माकत एकट्यानं शिकलेला गडी. नोकरी मिळाली होती तीच मुळी या मजल्याच्या जिवावर. सॉफ्टवेअरला फक्त पूर्ण मजले कळायचे. जिना मध्यावर वळतो तिथला बीम ठेवायला त्यात जागाच नव्हती, आणि ती सेटिंग काही केल्या बदलत नव्हती. यानं मुलाखतीतच दोन मजल्यांच्या मध्ये एक खोटा मजला टाकून दाखवला. ना स्लॅब, ना भिंत, नुसती नावाला एक पातळी. बीम बसला. मॅडम चष्म्यावरून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सोमवारपासून ये." तेव्हापासून दीड वर्ष ऑफिसातल्या प्रत्येक इमारतीत हा मजला होता.

आज सकाळी वाचनालयाचा जिना बाहेरून लोखंडी करायचं ठरलं. आता गरज नाही म्हणून त्यानं मजला काढला, एवढंच.

त्यानं कॉलमचा तक्ता उघडला. मजला असताना एकदा, नसताना एकदा, असं वर-खाली करत राहिला. मग लांबीच्या रकान्यावर बोट टेकवलं.

"दालन चोवीस फूट उंच आहे. मध्ये काही नाही. मग कॉलमची लांबी बारा फूट कुठून आली? आणि खाली परत बारा फूट?"

"तुझ्या मजल्यानं तुकडे केले असतील."

"पण तो खोटा आहे ना!"

"ते त्याला कुणी सांगितलंय?"

त्यानं प्लॅस्टिकची पट्टी टेबलावर उभी धरली आणि वरून दाबली. पट्टी लगेच कमरेत वाकली. काकांनी कप टेबलावर ठेवला आणि दोन बोटांनी ती मधोमध चिमटीत धरली. त्यानं परत दाबली. ताठ. काकांनी बोटं काढली, आणि पट्टी वाकली ती थेट कपावर जाऊन आदळली.

"दालनात बोटं कुणाची?" काकांनी हळूच विचारलं.

तो सांडलेल्या चहाकडे बघत राहिला.

वाचनालयाचे कॉलम आज जेवणानंतर काँक्रीटनं भरायचे होते. ड्रॉइंग सोमवारीच साइटवर गेलं होतं. मजला परत आणून फाईल बंद केली असती तर कुणी विचारलंही नसतं. त्यानं आणला. सगळं हिरवंगार. मग लॅपटॉप तसाच उघडा उचलून तो मॅडमच्या केबिनमध्ये शिरला.

त्यानं सांगितलं ते उलटसुलट सांगितलं. आधी पट्टी, मग बारा, मग चोवीस. शेवटी म्हणाला, "आणि मॅडम, मागच्या वर्षीचं खेळाचं सभागृह पण मी असंच केलंय. तिथं पोरं खेळतात."

मॅडम उठल्या. कपाटातून त्या सभागृहाच्या ड्रॉइंगची गुंडाळी काढून त्यांनी टेबलावर पसरली.

"तू कॉलम किती जाडीचा दिला होतास?"

"बारा इंच."

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. अठरा.

"हे कुणी केलं?"

"मी. तुझा मजला पहिल्या दिवसापासून दिसत होता मला. जिन्यापुरता ठीक आहे तो. उंच कॉलमचा हिशेब मी वहीत हातानं करून बघायचे."

"मग मला का नाही सांगितलं?"

"वाटलं, तू विचारशील. मग राहून गेलं."

हसावं की चिडावं, त्याला कळेना. कुणी बस म्हणायच्या आत तो खुर्चीत बसला होता. दीड वर्ष त्यानं काढलेल्या इमारती एक आणि उभ्या राहिलेल्या दुसऱ्याच. पण उभ्या तरी होत्या. त्यानं तोंडावरून हात फिरवला.

"म्हणजे वाचनालयाचे पण तुम्ही वाढवलेच असतील."

मॅडम गुंडाळी करायला लागल्या. कागद तिरका जात होता. त्यांनी तो उलगडला, पुन्हा गुंडाळला.

"मॅडम?"

"हे नाही बघितलं मी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आता तयार झालाय पोरगा."

दारात उभ्या असलेल्या काकांनी घड्याळाकडे पाहिलं. "काँक्रीटची गाडी दोनला आहे. पावणेदोन झालेत."

मॅडमनी साइटवर फोन लावला, रिंग वाजायला लागल्यावर त्याच्यापुढे धरला.

"मी?"

"हो, तूच."

त्यांनी खणातून वही काढली आणि कोरं पान उघडलं.

पलीकडून यंत्राची घरघर आली, तिच्यावरून मुकादमाचा आवाज. "हॅलो! कोण बोलतंय?"

त्यानं एकदा मॅडमकडे पाहिलं. त्या मान खाली घालून आकडे मांडत होत्या.

"कॉलम भरू नका," तो म्हणाला. "ज्यानं ते कागदावर काढलेत तो बोलतोय."