पिकल्या केळ्याचा वास

त्या डोक्यापासून पायापर्यंत झाकणाऱ्या पांढऱ्या सुटात शिरलं की थोरलीला आपण स्वप्नात आहोत असंच वाटायचं. बाहेरचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं यायचं, माणसं सावकाश तरंगत चालायची आणि कानात फक्त आपलाच श्वास. बाकीच्यांचा त्यात जीव गुदमरायचा, हिला गुंगी यायची. प्रशिक्षणाला सोबत येणारी धाकटी जाऊ रोज तिच्या खांद्यावर टकटक करायची, "अहो जाऊबाई, जाग्या आहात ना?"

रंगाचा कारखाना बंद पडला तेव्हापासून गाव रिकामं बसलं होतं. कारखाना गेला, पण त्याची घाण कुठं जाणार? टाक्यांत गाळ तसाच, गंजकी पिंपं तशीच. ती घाण काढायचं प्रशिक्षण आता कारखान्याच्याच जुन्या जेवणघरात निघालं होतं. म्हणजे बघा, ज्यांच्या हातून ती ओतवून घेतली, त्यांनीच ती उपसायची! पण पोटापुढे कोण भांडणार? पास झालं की टाकीवरचं काम पक्कं होतं, आणि थोरलीच्या घरात दुसरं मिळवतं कुणी नव्हतं.

तिची अडचण मात्र निराळीच. कारखान्यात रंग ढवळता ढवळता तिचं नाक गेलं होतं. म्हणजे नाक जागेवर होतं, चांगलं सरळ होतं, वास तेवढा गेला होता. लेक पोटात असतानाच गेला. बाळंतपणानंतर शेजारणी बाळाच्या टाळूशी नाक नेऊन डोळे मिटायच्या, "अगं बाई, काय गोड वास!" म्हणायच्या, आणि ही नुसती मान डोलवायची. पोटच्या पोरीचा वास कसा असतो, हे तिला अजून ठाऊक नव्हतं. कुणाला सांगितलंही नव्हतं. सांगून काय, चार दिवस कीव करतील आणि पाचव्या दिवशी करपलेल्या भाजीवरून टोमणे मारतील.

ती लेक, ठकी, आता शाळेत जायला लागली होती. रोज संध्याकाळी घट्ट मिटलेली मूठ आईच्या नाकाशी धरायची. "डोळे मीट. ओळख, काय आहे!" थोरली लांब श्वास ओढायची आणि म्हणायची, "अहाहा! छान!" ठकी खुदकन हसून पळून जायची.

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी मास्तरांनी सांगितलं होतं, "मास्क कुठं फटीतून गळतो का, ते आपण वासानं तपासतो. डोक्यावर हे पारदर्शक टोपडं, आत पिकल्या केळ्याच्या वासाचा फवारा. वास आला की हात वर करायचा. मास्क घातल्यावर वास आला, तर मास्क गळतोय. पण आधी मास्कशिवाय बघू. ज्याला वासच येत नाही, त्याला टाकीवर घेणार नाही. मास्क गळाला तर त्याला कळणार कसं?"

थोरलीची पाळी आली. टोपड्यात 'फुस्स' झालं तसा तिनं हात वर केला. मास्तर म्हणाले, "पुढचा." झालं! खोटं बोलणं इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. पण त्या दिवसापासून सुटातल्या त्या शांततेत एक धाकधूक येऊन बसली.

त्यातच तिला भास व्हायला लागले. पहाटेच्या अर्धवट झोपेत ओल्या मातीचं काहीतरी नाकाशी यायचं आणि डोळे उघडले की नाहीसं व्हायचं. स्वप्नं ती, म्हणून तिनं सोडून दिलं. मेलेलं नाक कुठं जिवंत होतं का?

शेवटच्या परीक्षेला ती मास्क लावून टोपड्यात बसली. मास्तर म्हणाले, "मान हलवा. मोठ्यानं बोला." फुस्स झालं. ती मान हलवत राहिली, सगळं नेहमीसारखं धूसर, सावकाश. आणि मग आला. कुठूनसा, बारीकसा, गोड. पिकलेलं केळं! तिच्या आईच्या घरातलं कोनाड्यातलं केळं, काळ्या ठिपक्यांचं. थोरली जागच्या जागी गोठली.

टोपड्याबाहेर धाकटी जाऊ डोळे रोखून उभी होती. वास येतोय म्हणजे मास्क गळतोय. गळतोय म्हणजे नापास. गप्प बसलं की काम हातात, कुणाला कळणारही नाही. पण इतकी वर्षं जो परत यावा म्हणून ती आतल्या आत झुरली, तो दारात येऊन उभा राहिला आणि त्यालाच "तू नाहीस" म्हणायचं? तेवढं काळीज तिच्याकडे नव्हतं. तिनं एक सोडून दोन्ही हात वर केले.

"आला! मास्तर, वास आला!"

"मग नापास," मास्तर म्हणाले. "आणि हसताय कशाला?"

ती हसतही होती आणि रडतही होती. मास्कमध्ये नाक वाहायला लागलं तेव्हा कुठं तिनं तो काढला आणि पहिल्या दिवसाचं सगळं सांगून टाकलं. मास्तर ताडकन उठले. "मेला असता ना बाई! आणि या जाऊबाईंनाही सोबत घेऊन!" धाकटीनं तर कपाळावरच हात मारला.

रागाच्या भरात येरझाऱ्या घालून झाल्यावर मास्तरांनी तिचे डोळे बांधले. नाकाशी एक फवारा मारला. "हे?" "पाणी असेल. काहीच नाही." दुसरा मारला. "हे?" "केळं," ती म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.  मास्तर आतून लहान मापाचा मास्क घेऊन आले. तो चेहऱ्यावर चपखल बसला, टोपड्यात कितीही फवारा मारला तरी आत काही येईना. "येतोय?" "नाही," ती म्हणाली. यावेळी ते खरं होतं. मास्तरांनी हाताचा अंगठा वर केला.

घरी आली तर दारात ठकी उभीच. मूठ घट्ट मिटलेली. "डोळे मीट. ओळख!"

थोरलीनं डोळे मिटले, सगळं अंग नाकात गोळा केलं आणि श्वास ओढला.

"शी शी शी! काय आहे हे? मेला उंदीर आणलास की काय?"

हसू नाही, पळणारी पावलं नाहीत. तिनं डोळे उघडले. ठकी तोंड उघडं टाकून बघत होती. हातात तिचा स्वतःचाच मळका मोजा होता.

"आई," ती हळूच म्हणाली, "रोज मोजाच असतो गं. तू रोज छान म्हणतेस."

 पोरीला सगळं ठाऊक होतं तर. ठकीनं मोजा टाकला, जवळ आली आणि मान खाली घालून आपलं डोकं आईच्या नाकाशी धरलं.

"आता हे ओळख."