अकरा नंबरच्या काचा

"थोडं डावीकडं घे रे, नाक वाकडं बसलंय," डेल स्विटझर खालून ओरडला. क्रेनवाल्यानं विमान पुन्हा वर उचललं, चार बोटं सरकवलं आणि लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. उद्या ते शेजारच्या सिमेंटच्या खांबावर चढायचं होतं, कायमचं.

व्हर्न क्रॅब्ट्री रस्त्याकडेला पिकअपमध्ये बसून बघत होता. हातातली कॉफी त्याला विष लागत होती.

"ते नाक पहिल्यापासून वाकडंच," तो म्हणाला.

"विमानाचं का डेलचं?" शेजारी बसलेली बायको, नोरीन, म्हणाली. "उतरायचं तर उतर, नाहीतर घरी चल. माझे शिंपले सिंकमध्ये पडलेत. रोज इथं येऊन जळत बसायचं, हा काय उद्योग?"

"मी कुठं जळतोय?"

"धूर निघतोय डोक्यातून."

ओक हार्बर गावात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, नाही म्हणून काय उपयोग?

व्हर्न आणि डेल नौदलात एकाच विमानवाहू जहाजावर, एकाच तुकडीत होते. दोघं विमानाचे कप्तान. म्हणजे उडवणारे नव्हेत. तपकिरी बनियन घालून विमान धुणारे, पुसणारे, विमान बांधायच्या साखळ्या खांद्यावर टाकून डेकवर फिरणारे. पण पुढच्या चाकाच्या दारावर नाव रंगवलेलं असायचं ते ह्यांचं. वैमानिक विमान नुसतं उसनं न्यायचा आणि परत आणून द्यायचा. व्हर्नची सात नंबर, डेलची अकरा.

दिसायला ह्या जातीचं विमान, इंट्रुडर, म्हणजे कोंबडीची तंगडी, पुढून जाड नि मागून बारीक. आत दोन माणसं शेजारी शेजारी, आणि तोंडासमोर हवेतल्या हवेत तेल भरायची वाकडी नळी. पण पावसात, अंधारात, बाकीची विमानं पांघरूण घेऊन बसली की हिला धाडायचे. डोंगरांच्या मधून जायची, बॉम्ब टाकून यायची, डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकून, हिसका खाऊन थांबायची. सात नंबर अशी गेली नि आली, गेली नि आली. व्हर्नची मान तेव्हा वीतभर उंच असायची.

आणि अकरा नंबर? ती हँगरची राणी, डेकखाली बसून राहिलेली. प्रत्येक तुकडीत अशी एक असायचीच. सुटे भाग यायला महिने लागायचे, मग एकीला कोपऱ्यात उभी करून तिचे काढून बाकीच्यांना घालायचे. व्हर्न पाना घेऊन खाली जायचा. "डेल, तुझा पंप नेतो रे." डेल तोंड फिरवून उभा राहायचा.

आता नौदलानं ह्या जातीची सगळीच विमानं मोडीत काढली. पंख तपासले तर सात नंबरच्या पंखांना पार चिरा गेलेल्या. तिची इंजिनं काढून घेतली, तिला तराफ्यावर घातली आणि फ्लोरिडाच्या समुद्रात ढकलून दिली, माशांना घर म्हणून. फोटो पेपरात आला होता. अकरा नंबर बसून राहिलेली, तिचे पंख धड. म्हणून गावात स्मारक व्हायचा मान तिला. राबणारी तळाला नि बसून खाणारी खांबावर. व्हर्नला जेवण जात नव्हतं.

काचेवर टकटक झाली. डेल. हातात आकड्यांचे पत्र्याचे छापे आणि रंगाचा डबा.

"नोरीन, तुझ्या नवऱ्याला जरा उतरू दे."

"घेऊन जा, परत नाही आणलास तरी चालेल."

दोघं विमानापाशी आले. डेलनं छापे गवतावर टाकले. "रंगवायचं काम माझ्याकडं आहे. मी लिहीन तो नंबर. स्मारकाच्या कमिटीतल्या लोकांना दोन्ही सारख्याच. सात लिहितो, आणि दारावर तुझं नाव."

गेले कित्येक दिवस व्हर्न अंथरुणात पडून डोळ्यांपुढं हेच बघत होता. हेच दार, हीच अक्षरं.

"भीक घालतोस होय?"

"तुझं तोंड बघून कंटाळलोय. सगळ्या गावाचं दूध नासतंय."

"आणि तुला काही वाटणार नाही?"

डेल डब्याचं झाकण खरवडत राहिला. "तू पाना घेऊन यायचास ना, तेव्हा वाटायचं ह्याचा हात मोडावा. तू वर सात नंबरला निरोप द्यायचास, मी खाली रिकाम्या विमानापाशी. तिच्यात माझा पंप चालायचा. आवाज ओळखायचो मी."

व्हर्ननं वाकून विमानाच्या पोटाखालची एक झडप उघडली. आत नुसतं भोक.

"इथला पंप?"

"तुझ्या सात नंबरात. फ्लोरिडाला."

"ब्रेक?"

"तेही तिकडंच."

"म्हणजे अर्धी हीच बुडाली."

"अर्धीपेक्षा जास्त," डेल म्हणाला. "तुला मोजून सांगू?"

व्हर्ननं झडप लावली. पोटातली आग काही विझली नव्हती, उगाच खोटं कशाला बोला. ह्या खांबावर सात नंबर नसणार, आणि लोक माना वर करून अकराच वाचणार. पण त्यानं पायानं एकच्या आकड्याचा छापा डेलकडं सरकवला.

"अकरा लिही. नाव तुझं. आणि सरळ काढ, तुझा हात कापतो हल्ली."

"व्हर्न..."

"फडकं आहे का?"

डेलनं खिशातलं फडकं दिलं. व्हर्न शिडी लावून वर चढला. उड्डाणाआधी काच पुसायची ती कप्तानानंच. एवढासा ठिपका राहिला तर अंधारात समोरून दुसरं विमान आल्यासारखं वाटतं. समुद्रपक्ष्याची घाण वाळून बसली होती. त्यावर तो थुंकला, घासली, अंगठा फिरवून बघितला, परत घासली.

"अरे, आतून काळा रंग मारलाय," डेल खालून म्हणाला. "कोण बघणार आहे त्यातनं?"

रस्त्यावरून नोरीननं हॉर्न दिला. व्हर्न सावकाश उतरला, शिडी उचलली आणि पलीकडच्या बाजूला नेऊन लावली. वैमानिकाच्या शेजारी बसणाऱ्याची काच राहिली होती.