झेंडू अडकलेला काळा डबा

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि परवा देवळाली कॅम्पच्या बाजारात माझ्या मरणावर पैज लागली. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीच मरणाच्या बाजूने लावली असती, इतका दमलोय.

पैज लावली शेजारच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या गोटीरामने. "वहिनी, उद्या दसरा. आज तुमच्याकडे रांग लागणार. हा डबा संध्याकाळपर्यंत टिकला, तर माझ्या नव्या स्कूटरवर तुम्ही म्हणाल ते चिकटवा. बाजारभर मिरवून आणतो!"

"आणि नाही टिकला तर?" माझ्या मालकीणबाई, ललिताताईंनी विचारलं.

"डबा भंगारात. आणि तुमच्या पाटीवर लिहायचं, गोटीराम सांगत होता."

"लागली!" ताई हसल्या. हसल्या खऱ्या, पण त्यांचा हात माझ्या झाकणावरून हलेना.

ताईंचं दुकान रेडियमचं. म्हणजे गाड्यांवर चिकटवायची चमकती अक्षरं. अक्षरं कापणारं मशीन माझ्याइतकंच म्हातारं, आणि ते फक्त माझंच ऐकतं. मी गेलो तर ते मुकं, आणि ते मुकं झालं तर दुकानाचं शटर खाली.

आमच्या घराण्याचं नाव थिंकपॅड. थोरले भाऊ ब्याण्णव साली आले. काळे, चौकोनी. जपानी लोकांच्या जेवणाच्या डब्यावरून हे रूप सुचलं म्हणतात. म्हणजे गोटीराम डबा म्हणतो ते अगदीच खोटं नाही. मी त्यातला टी तेवीस. बटणांच्या मधोमध एक लाल टिंब आहे, ते बोटाने ढकललं की पडद्यावर बाण पळतो. झाकणाच्या काठात इवलासा दिवा, अंधारात बटणं दिसायला. मागे नऊ पिनांचं सॉकेट. त्याच्यातूनच मी मशीनशी बोलतो. हल्लीच्या पोरांकडे ते नसतं. बारीक व्हायच्या नादात सगळी भोकं बुजवून बसलेत.

तरुणपणी मी एका साहेबाच्या बॅगेत विमानाने फिरलो. "काय मजबूत आहे!" म्हणून लोक माझ्यावर टिचक्या मारायचे. मग साहेबाला नवा मिळाला आणि मी कपाटात. तिकडे आमचं घराणंच दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं, मला साधं कळवलंही नाही. पुढे जुन्या सामानाच्या दुकानातून ताईंनी मला आणलं. तेव्हापासून रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर, सगळ्यांच्या पाठीवरची अक्षरं माझ्या पोटातून गेलीत. बॅटरी कधीच मेली, बिजागऱ्या दुखतात, पंखा खोकतो.

ताई माझी पूजा मात्र चुकवत नाहीत. दर दसऱ्याला हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचं फूल. फूल झाकणावरून घसरतं म्हणून त्या ते डाव्या बाजूच्या जाळीत खोचतात. एक दिवस देव. बाकी वर्षभर साधं फडकंही नाही.

परवा रांग लागलीच. ऊन उतरायला लागलं तेव्हा वाळू नावाच्या रिक्षावाल्याचा नंबर आला. त्याला मागच्या काचेवर 'प्रतिभाचे पप्पा' हवं होतं. मशीनने 'प्रतिभाचे प' कापलं, आणि माझ्या डोळ्यापुढे अंधारी आली. अंग भट्टीसारखं तापलं. बंद पडलो.

गोटीरामने टाळीच वाजवली. "गेला! वहिनी, पाटी पुसून ठेवा."

"आरं, माझी पोरगी सकाळी पूजा करनार हाय," वाळू कळवळला. "हे काय, प्रतिभाचे प?"

ताई पुढे झाल्या. त्यांनी माझ्या अंगावर हात ठेवला. उजवी बाजू गार, डावी चटका देणारी. त्या जाळीजवळ डोळा नेऊन बघत राहिल्या.

"गोटीभाऊ, तुमचा चिमटा आणि ब्रश द्या."

"घ्या घ्या. अंत्यविधीचं सामान समजा."

चिमट्याने पहिली पाकळी निघाली. वाळलेली, तपकिरी. मग देठ. मग कुंकवाचा गोळा, त्यात चिकटलेल्या अक्षता. पंख्याचा गळाच दाबला गेला होता.

"अगं बाई," ताई हळूच म्हणाल्या, "मीच वाहिलेली फुलं!"

त्यांनी ब्रश फिरवला, फुंकर मारली, मला गार होऊ दिलं. बटण दाबलं. कितीतरी दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला. पंखा फिरला, पडदा उजळला, आणि दिवेलागणीच्या आत 'प्रतिभाचे पप्पा' अख्खं कापून निघालं. वाळूने ते छातीशी धरलं.

मित्रांनो, मला फुलं नकोत. हवेची वाट तेवढी मोकळी ठेवा. म्हातारी वस्तू फार काही मागत नाही.

मग ताईंनी गोटीरामच्या स्कूटरसाठी लाल अक्षरं कापायला घेतली. मी इतक्या आवडीने कधी काम केलं नव्हतं. 'भंगार म्हणण्याआधी आत बघा. गोटीराम मोबाईलवाला.'

"वहिनी, निदान नाव तरी काढा!"

"पैज ती पैज."

ताईंनी ते स्कूटरवर चिकटवलं आणि वाळूने मोठ्याने वाचलं. रांगेतल्यांनी शिट्ट्या मारल्या. गोटीराम मान खाली घालून निघाला, तो समोरच भाजीवाल्या सरुबाईने स्कूटरपुढे टोपली आडवी केली. टोपलीत भेंडीवर एक जुना रेडिओ.

"थांब रं भाऊ! पोरं याला भंगार म्हनत्यात. तुझ्या गाडीवर लिहिलंय ना? बघ मग आत."

"मावशी, उद्या या दुकानात."

"आत्ता बघ!" सगळा बाजार ओरडला.

गोटीरामने भर रस्त्यात स्कूटर स्टँडला लावली, खिशातला पेचकस काढला, रेडिओचं मागचं झाकण उघडलं, आणि गाल फुगवून फुंकर मारली.