दोन हॅरी

लग्न ठरलं तेव्हा एक अट डार्सीने घातली आणि एक मी. त्याची अट अशी, की मोठ्या लीगमध्ये एक तरी सामना खेळल्याशिवाय तो बर्फावरची हॉकी सोडणार नाही. माझी अट अशी, की तो सामना झाला की सामान बांधायचं आणि कॅनडात, सस्काचेवानला परत यायचं, आमच्या डंकर्टनला. कायमचं. दोघांनाही वाटलं, वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न आहे. लग्नाचा केक खाता खाता आम्ही हात मिळवून सौदा पक्का केला, आणि माझी आई म्हणाली, "किती समजूतदार पोरं आहेत."

त्यानंतर आम्ही इतक्या गावांत राहिलो, की पत्ता विचारला तर मी आधी खिडकीबाहेर बघते. डार्सी धाकट्या लीगचा खेळाडू. त्याला कुणी विकतं, कुणी घेतं, कुणी दुसऱ्याच्या सौद्यात वरकड म्हणून टाकून देतं. एकदा तर आम्ही पडदे लावून शिडीवरून उतरत होतो आणि फोन आला, की उद्या टेक्ससला हजर व्हा. मी पडदे काढले आणि टेक्ससच्या खिडक्यांना ते आखूड पडले. मी केस कापते. प्रत्येक गावात दुसऱ्या कुणाच्या तरी सलूनमध्ये एक खुर्ची भाड्याने घेते, गिऱ्हाईक जमवते आणि जमलं की निघते.

डंकर्टनमध्ये मिसेस पिलिपियुक यांचं सलून आहे. मी शाळेत असल्यापासून ते मला हवंय. यंदा नाताळात त्यांनी स्पष्टच सांगितलं, "नादिन, माझे हात आता थरथरतात. मागच्या आठवड्यात फादरचा कान थोडक्यात वाचला. वसंत ऋतूपर्यंत तुझ्यासाठी थांबते. नंतर तो पिझ्झावाला जागा मागतोय, त्याला देईन."

म्हणजे डार्सीने मोठ्या लीगमध्ये खेळावं असं त्याच्या कोचपेक्षा, त्याच्या एजंटपेक्षा, खुद्द डार्सीपेक्षाही मला जास्त वाटत होतं. माझ्या खुर्चीत आणि माझ्यामध्ये तो एकच सामना आडवा पडला होता.

तसं बोलावणं आधी दोनदा आलं होतं. पहिल्यांदा तो हॉटेलवर तीन वेळचं जेवून परत आला, कारण ज्याच्या जागी बोलावलं त्याचा ताप उतरला. दुसऱ्यांदा गडी पार पोशाख करून बर्फावर सरावाला उतरला, आणि ज्याचं विमान चुकलं होतं तो खेळाडू टॅक्सीने धापा टाकत पोचला. डार्सीने पोशाख उतरवला. त्या टॅक्सीवाल्याला मी अजून माफ केलेलं नाही.

आता नावाचं सांगते, कारण सगळा घोळ नावानेच झाला. हॉकीत कुणालाही नावाने हाक मारत नाहीत. आडनाव अर्ध्यात तोडायचं, शेवटी ई लावायची, झालं बारसं. डार्सी हरासिमचा पहिल्याच गावात, पहिल्याच सकाळी हॅरी झाला, आणि पुढे प्रत्येक गावात तिथल्या लोकांनी तेच नाव आपणच शोधल्यासारखं त्याला बहाल केलं. गाव बदललं, पगार बदलला, उजवा गुडघा आतून बदलला, पण हाक तीच राहिली. डंकर्टन सोडलं, तर त्याला डार्सी म्हणणाऱ्या फक्त आम्ही दोघी, मी आणि त्याची आई.

आणि त्याच्या खेळाचंही सांगते. गोल मारणं हे काही त्याचं काम नव्हे. हॉकीत खेळ चालू असतानाच खेळाडू बदलतात. दमलेला कठड्यावरून आत येतो, ताजा कठड्यावरून बाहेर उडी मारतो. ताज्याने घाई केली की बर्फावर एक माणूस जास्त होतो आणि संघाला दोन मिनिटांची शिक्षा बसते. डार्सीने अशी घाई आयुष्यात एकदाही केली नव्हती. त्याला याचा इतका ताठा, की पाहुणे जेवायला आले की बटाटे वाढता वाढता तो हे सांगायचा. पाहुणे बटाट्यांची स्तुती करायचे.

तर फेब्रुवारीत एका सकाळी मी लिंडक्विस्ट आजोबांचे केस कापत होते. मिशिगनमधलं छोटं गाव, बाहेर गुडघाभर बर्फ. डार्सीचा फोन आला.

"नादिन, कात्री खाली ठेव."

"का? विकलं तुला?"

"वर बोलावलंय. दोघं आजारी पडलेत. आज रात्रीच सामना आहे. मी विमानतळावर निघालोय."

"टॅक्सी अडव," मी म्हटलं.

"कुठली टॅक्सी?"

"तिथे पोचणारी प्रत्येक."

लिंडक्विस्ट आजोबांचं अर्धं डोकं कापून झालं होतं. त्यांच्याकडे आमच्या संघाचं वर्षभराचं तिकीट असतं. ते स्वतःच उठून उभे राहिले आणि अंगावरचा कपडा काढून माझ्या हातात दिला. "जा तू, बाई," ते म्हणाले. "मी टोपी घालून हिंडतो. या वयात बघतंय कोण."

चार तास गाडी हाणून मी शहरात पोचले. स्टेडियम एवढं मोठं, की आमच्या गावचं अख्खं बर्फाचं रिंक त्याच्या पार्किंगमध्ये बसलं असतं. माझी जागा मक्याच्या लाह्यांची बादली घेतलेल्या एका जाडजूड गृहस्थाशेजारी होती. खेळाडू बर्फावर आले, त्यांत डार्सीही आला. दाढीत पांढरं, बाकीचे सगळे दूधपिते. मी डोळ्यांत तेल घालून दरवाजांकडे बघत होते. कुणीही धापा टाकत आलं नाही. सामना सुरू झाला आणि डार्सी बेंचवर होता, पोशाखासकट.

"तो म्हातारा कोण आणलाय?" शेजारच्याने विचारलं.

"माझा नवरा."

त्याने घाईघाईने लाह्यांची बादली माझ्यापुढे धरली. "घ्या ना. चांगल्या आहेत."

अडचण एवढीच, की बेंचवर बसलं म्हणजे सामना खेळला असं होत नाही. बर्फावर पाय टेकला पाहिजे. आणि कोच टॉमलिन काही त्याला सोडेना. या संघाचा स्वतःचा एक हॅरी होता, एकवीस वर्षांचा हॅरिंग्टन. डाव्या बाजूने खेळणारा, डार्सीचीच जागा. दुकानांत निम्मे शर्ट त्याच्या नावाचे. बेंचवर दोघं शेजारी शेजारी बसले होते. कोचने हाक मारली, "हॅरी!" की पोरगा उडी मारायचा. दमून आला, पाणी प्यायला, की पुन्हा "हॅरी!" आणि पुन्हा पोरगाच. दर हाकेला डार्सीचे खांदे उचलले जायचे आणि खाली यायचे. मला ते वरून, इतक्या लांबून दिसत होतं. पहिला भाग गेला, दुसरा गेला. लाह्या संपल्या. मी मनातल्या मनात पिझ्झावाल्याला दुकान देऊन टाकलं.

तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या भागात सहा-सात मिनिटं उरली होती आणि आपला संघ एका गोलने पुढे होता. लगेच आपला म्हणायला लागले मी. डावीकडचा खेळाडू लंगडत बेंचकडे निघाला. कोच ओरडला, "हॅरी!"

दोघांनी उडी मारली.

पोरगा डावीकडून, माझा नवरा उजवीकडून. लंगडणारा अजून पुरता आत आलाही नव्हता. दोन्ही हॅरी बर्फावर, एकमेकांकडे बघतायत. पंचाने हात वर केला आणि शिट्टी वाजली. बर्फावर माणसं जास्त. संघाला दोन मिनिटांची शिक्षा.

अशा शिक्षेत एकाला संघाच्या वतीने समोरच्या काचेच्या पेटीत जाऊन बसावं लागतं. कोण बसणार ते कोच ठरवतो. हॅरिंग्टनला पेटीत घालण्याइतका टॉमलिन खुळा नव्हता. त्याने डार्सीकडे बोट दाखवलं. बोलला काय ते ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले, आणि ते मी लिहिणार नाही.

डार्सी अख्खा बर्फ ओलांडून, अठरा हजार माणसांच्या देखत, मान खाली घालून पेटीत जाऊन बसला. मोठ्या लीगमधला त्याचा पहिला प्रवास तो.

"घात केला म्हाताऱ्याने," शेजारचा म्हणाला, आणि लगेच, "माफ करा, बाई."

"माफी कसली मागता," मी म्हटलं. "खरंच केलाय."

पाय टेकला, सामना मोजला जाणार, मला नाचायला हवं होतं. पण आता समोरच्यांनी गोल केला असता, तर आयुष्यभर त्याच्या नावापुढे हेच राहिलं असतं, की एकदाच आला आणि संघाला बुडवून गेला. तो माणूस हे घेऊन घरी आला असता. मला सलून मिळालं असतं, आणि स्वयंपाकघरात टेबलाशी हे बसलेलं असतं. ती दोन मिनिटं मला दुकान नको होतं, काही नको होतं. तो गोल होऊ नये, एवढंच हवं होतं.

आपले चारच जण आणि त्यांचे पाच. बेंचवर यायला कुणाला उसंतच मिळेना. हॅरिंग्टनने एक फटका सरळ नडगीवर घेतला आणि एका पायावर खेळत राहिला. गोलकीपर दोनदा आडवा पडला. शेजारच्या गृहस्थाने माझा हात धरला होता की मी त्याचा, आठवत नाही.

मग पेटीचं दार उघडलं. डार्सी बाहेर पडला, आणि त्याच क्षणी पक, म्हणजे खेळातली ती रबराची चकती, घसरत त्याच्यापाशी आला. पुढे मोकळा बर्फ. पाठीमागून दोघं त्याच्या अंगावर येतायत. अख्खं स्टेडियम उभं राहिलं. "मार!" सगळे ओरडले. माझ्या शेजारचा तर बादली हलवत ओरडला.

डार्सीने गोलकडे बघितलंच नाही. त्याने मान वळवून आपल्या चौघांकडे बघितलं. ते चौघं उभे राहण्यापुरतेच उरले होते. त्याने पक अलगद लांबवर, समोरच्या कोपऱ्यात टाकला, जिथून तो काढायला समोरच्यांना वेळ लागेल. चौघं एकेक करून बेंचकडे सरकले. हॅरिंग्टनला त्याने पाठीवर हात ठेवून पुढे घातलं, आणि सगळे आत गेल्यावर सगळ्यांत शेवटी स्वतः आत आला. ताजे पाच बर्फावर गेले. एकही जास्त नाही.

"गोल का नाही मारला हो त्याने?" शेजारच्याने कळवळून विचारलं.

इतकं सुंदर काम मी त्याला याआधी हजारदा करताना पाहिलं होतं आणि एकदाही त्याचं कौतुक केलं नव्हतं. आता रडत रडत इतकं केलं, की शेजारच्याने खिशातला रुमाल काढून दिला.

आपण जिंकलो.

खालच्या बोळात, घामाच्या आणि ओल्या चामड्याच्या वासात मी उभी होते. टॉमलिन आला. "तुमच्या नवऱ्याने माझं आयुष्य दहा वर्षांनी कमी केलं," तो म्हणाला. "पण तो पक टाकला ना, तो उद्या सगळ्या पोरांना दाखवणार आहे मी." आणि गेला.

मग दोघं हॅरी आले. पोरगा नडगीला बर्फाची पिशवी बांधून लंगडत होता, तोंड पडलेलं. "सॉरी हं, हॅरी," तो डार्सीला म्हणाला. "माझीच चूक. मला वाटलं, कोच मला बोलावतायत."

"तुलाच बोलावत होते," डार्सी म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. तू बरोबर होतास. आता जा, पाय वर घेऊन बस."

पोराचा चेहरा एकदम उजळला. तो गेला. मी डार्सीचं कोपर धरलं.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मुद्दाम उडी मारलीस?"

तो भिंतीला टेकला. "कोच त्याच्याकडे बघत होता ते मी पाहिलं, नादिन. अगदी स्वच्छ पाहिलं. पण हाक कानावर पडली आणि पाय निघाले. आजवर कुणी हॅरी म्हटलं की मीच जात आलोय. आज संध्याकाळभर ती हाक ऐकत बसून राहिलो. शेवटच्या हाकेला बसवलं नाही."

इतकी वर्षं मी कायम स्वतःच्या खुर्चीचा विचार केला. त्या खुर्चीसाठी हा माणूस कुठून उठणार आहे, हे कधी मनात आलंच नाही.

"मोजला जाणार का हा सामना?" मी विचारलं.

"मोजला. मी विचारून आलो." मग हसला. "तुझं दुकान झालं म्हणायचं. गावात आता सगळे मला डार्सी म्हणतील, नाही का?"

"मी म्हणेन ना हॅरी. रोज म्हणेन."

"तू नको," तो घाईघाईने म्हणाला. "तू म्हटलंस तर मी जेवणाच्या टेबलावरून उडी मारीन."

मी हसत होते आणि रडतही होते. त्याला म्हटलं, केस ओले आहेत, बाहेर पडायच्या आधी टोपी घाल. आणि तिथेच उभ्या उभ्या मिसेस पिलिपियुकना फोन लावला.