अक्काताई सही करत नाहीत

अक्काताईंनी कागद वाचला, त्याची घडी घातली आणि तो संघप्रियाच्या लॅपटॉपखाली सरकवून दिली.

"मी सही करनार न्हाय. मी बटन एकदाच दाबतो, बाकी समदं मशीन करतंय."

पैंजणांत तडकलेले घुंगरू गेले ते मशीन चालवणाऱ्या बाईच्या हलगर्जीपणामुळे, असं त्या कागदावर होतं. हुपरीच्या या चांदीच्या कारखान्यात अक्काताई बावीस वर्षं पैंजणं करत होत्या. घुंगरू तपासून बसवणारं मशीन आलं तेव्हा तेही शिकल्या. गेले तीन आठवडे मात्र चांगले घुंगरू बाद डब्यात आणि तडकलेले पैंजणांत जात होते. मालक राजशेखर म्हणत, बाई डबे उलटे लावते. सही झाली की बाईंना घरी बसवायचं, हे ठरूनच गेलं होतं. ती सही आणायला कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या, मशीन बनवणाऱ्या कंपनीनं संघप्रियाला धाडलं होतं, कारण मशीनचा लिस्प या संगणकभाषेतला प्रोग्रॅम तिचाच.

"आदी तुजं मशीन बघ," अक्काताई म्हणाल्या. "मानसाला मागनं बघ."

संघप्रियाला राग आला. ऑफिसात सगळं तपासून दिलं होतं की! पण या बाईचं तोंड बंद करायचं तर दाखवलेलं बरं. तिनं स्क्रीनवर घुंगरू बसवायची ओळ काढली: बसव, आणि पुढे कंसात, पुढचा घुंगरू घे. 'बसव' हा तिनं महिन्याभरापूर्वी लिहिलेला मॅक्रो. दहा ओळींचं काम एका ओळीत आणलं म्हणून ऑफिसातल्या उदयसिंह सरांनी चारचौघांत पाठ थोपटली होती.

अक्काताईंनी हे काय म्हणून विचारलं. साचा आहे, संघप्रियानं सांगितलं. त्यात शब्द घालायचे; मशीन चालायच्या आधी त्याच्या पुऱ्या पायऱ्या पसरतात.

"मग पसरून दाव की."

तिनं दाखवलं. चार ओळी उलगडल्या. तिनं त्या एकदा वाचल्या, मग बोट ठेवून वाचल्या.

'पुढचा घुंगरू घे' दोन ठिकाणी होतं. साच्यात तिनं दोन जागा ठेवल्या होत्या, एक तपासायला, एक बसवायला. तोच घुंगरू दोन्हीकडे जाईल असं तिनं धरलं होतं. पण साच्यात घुंगरू जातच नाही, शब्द जातात, जसेच्या तसे. मशीन एक घुंगरू घेऊन तपासत होतं, मग दुसराच घेऊन बसवत होतं आणि तपासलेला, चांगला असला तरी, बाद डब्यात ढकलत होतं. ऑफिसातल्या चाचणीत तिनं एकच घुंगरू हातानं धरून दिला होता, मग कळणार कसं?

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर कोण, तर आपणच. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर जाऊन तिनं सरांना फोन लावला. ते चिडले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. गुपचूप दुरुस्त कर म्हणाले, तिथं लिस्प कोण वाचतंय? सही तेवढी आण. आपलेच दात, आपलेच ओठ.

"सर, सही मिळणार नाही," ती म्हणाली. "आणि मी मागणारही नाही. माझं काय करायचं ते करा."

आत येऊन तिनं राजशेखर आणि चार कारागिरांच्या देखत सांगितलं की चूक तिच्या प्रोग्रॅमची होती, अक्काताईंचे डबे बरोबरच होते. पॉलिशचं चाक कुणीतरी थांबवलं. राजशेखर डब्यांकडे बघत राहिले. तिनं अक्काताईंपुढे हात जोडले.

जाऊ दे, असं काही अक्काताई म्हणाल्या नाहीत. तीन आठवडे बोलणी खाल्लेल्या बाईनं का म्हणावं? त्यांनी पदराला बोटं पुसली, स्टूल ओढलं आणि लॅपटॉपपुढे बसल्या.

"ते पसरून कसं बघायचं ते शिकव," त्या म्हणाल्या. "पुढल्या टायमाला कोन कागद घिऊन आलं, तर मी सोताच बघतो."

संघप्रियानं लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

"आधी कंस," ती म्हणाली.