हाराखालची चावी

मुलुंडच्या आमच्या शाळेत टेक्निकलला मुली घ्यायच्या की नाही, यावरून चौऱ्याऐंशी साली शिक्षकांच्या खोलीत चांगलीच जुंपली होती. लेथ मशीन आणि मुली एकत्र आल्या की वेण्या अडकणार, बोटं जाणार आणि आईबाप शाळेवर चालून येणार, असं मुख्याध्यापिका देवस्थळी बाईंचं ठाम मत होतं. स्वतः बाई असून त्या असं बोलत, याचा मला भयंकर राग यायचा. वर्कशॉपचे धुरी सर मात्र हटून बसले. शेवटी तडजोड झाली. मला आणि माझ्या वर्गातल्या अनुपमाला घ्यायचं, पण मुलींच्या हातून वर्कशॉपमध्ये काही विपरीत घडलं तर दोघींची रवानगी थेट शिवणाच्या वर्गात.

मला शिवण येत नव्हतं अशातला भाग नाही. पण फिरत्या लोखंडावरून कुरळी साल सुटत जाते आणि खालचं लोखंड चकचकीत दिसायला लागतं, ते एकदा पाहिल्यावर रुमालाच्या कडा दुमडण्यात जीव कसा रमणार? मला तिथेच राहायचं होतं.

धुरी सर मालवणकडचे, बारीक अंगाचे, खाकी एप्रनातले. पोरांशी बोलताना मालवणीवर यायचे. पहिल्याच तासाला त्यांनी आम्हाला चक दाखवला. लेथवर लोखंड पकडून धरणारा गोल जबडा म्हणजे चक, आणि तो आवळायला लागते टी अक्षराच्या आकाराची वीतभर चावी. ही चावी चकातच विसरली आणि कोणी मशीन सुरू केलं, तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. मागे एकदा तशी सुटली होती. छपराच्या पत्र्यात तिचं भोक होतं आणि सर दरवर्षी नव्या पोरांना ते भोक आधी दाखवायचे.

"चावी चकात रवली काय कोणाचा तरी डोक्या फुटला," ते म्हणायचे.

चावी विसरणाऱ्याला शिक्षाही ठरलेली होती. सहामाहीभर मशीनला हात लावायचा नाही, कोपऱ्यातल्या बाकावर कानस घेऊन लोखंड घासत उभं राहायचं. शिक्षेत लहानमोठा, हुशार-ढ असा भेद नव्हता.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. एरवी वर्कशॉपमध्ये मुली नकोत, पण हार ओवायला आणि रांगोळी घालायला मुलीच लागतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी फणफणत झेंडू ओवले. लेथचा हार काही केल्या जागेवर राहीना. मशीनचं डोकं तेलाने गुळगुळीत, त्यामुळे हार सारखा घसरायचा. तेवढ्यात धुरी सर आले. त्यांनी एप्रनच्या खिशातून चावी काढली, चकात खोचली आणि हाराचा दोरा तिच्या दांडीला गुंडाळला.

"आता रवात," ते म्हणाले.

मेन स्विच खाली ओढून बंद केलेला होता, त्यामुळे भीती कसलीच नव्हती. सरांनी पूजा केली, नारळ फोडला. एकदा पूजा झाली की शाळा उघडेपर्यंत हत्याराला कोणी बोटसुद्धा लावायचं नाही, हा आमच्या वर्कशॉपचा रिवाज होता आणि सर तो सगळ्यांपेक्षा कडक पाळायचे. चावी तिथेच राहिली, वर झेंडूची फुलं.

दसरा झाला, शाळा उघडली. दरवर्षी सर सकाळी येऊन हार उतरवत, मशिनं पुसत, मग वर्ग भरे. या वर्षी मात्र संस्थेचे विश्वस्त भाऊराव स्वतः बटण दाबून लेथ सुरू करणार होते आणि सोबत फोटोग्राफर येणार होता. फोटोत हार दिसलाच पाहिजे, तो उतरवू नका, असा देवस्थळी बाईंचा निरोप आला. सर खुर्च्या मांडण्यात आणि पोरांना रांगेत उभं करण्यात बुडून गेले.

मी आणि अनुपमा ओवाळायचं ताट धरून दाराशी उभ्या होतो. मेन स्विच माझ्या मागच्याच भिंतीवर होता आणि सरांनी तो आधीच वर करून ठेवला होता. भाऊरावांना टिळा लावून झाला. ते दारालगतच्या लेथसमोर उभे राहिले, चकापासून हातभर अंतरावर. फोटोग्राफर त्यांना थोडं डावीकडे सरका म्हणाला. ते सरकले आणि मागच्या सुकलेल्या झेंडूतून मला चावीचं काळं टोक दिसलं.

मी सरांकडे पाहिलं, तर ते फोटोग्राफरकडे बघत होते. भाऊरावांचं बोट बटणावर टेकलं. ओरडून सांगायला वेळ नव्हता. मग मी ताट सोडलं, वळले आणि दोन्ही हातांनी स्विच खाली ओढला.

ताट खणखणत पडलं. फोटोग्राफरचा दिवा लखकन चमकला. भाऊरावांनी बटण दाबलेलं होतं, पण मशीन गप्प राहिलं. डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबला. निरांजन विझलं होतं आणि भाऊरावांच्या पांढऱ्या धोतरावर कुंकू उडालं होतं.

हे काय केलंस, असं देवस्थळी बाईंनी विचारलं. मी नुसतं चकाकडे बोट दाखवलं. बाईंनी फुलं बाजूला केली, खाली चावी दिसली, पण त्यांना काही उमगलं नाही. पोरांना उमगलं. सगळ्यांच्या माना एकदम वर पत्र्यातल्या भोकाकडे गेल्या. भाऊरावांनीही वर पाहिलं आणि ते चार पावलं मागे सरकले.

"हार कोणी केले?" बाईंनी विचारलं.

"आम्ही," अनुपमा म्हणाली. ते खरंच होतं.

बाई रागावल्यासुद्धा नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला आणि तोच मला जास्त लागला. उद्यापासून दोघींनी शिवणाच्या वर्गात बसायचं, असं त्यांनी शांतपणे सांगून टाकलं.

धुरी सर हाराकडे बघत उभे होते. माझ्या डोक्यात संतापाचा डोंब उसळला. चावी कोणी खोचली ते मला माहीत होतं, अनुपमाला माहीत होतं आणि आता त्यांनाही आठवलं होतं. पण विश्वस्तांसमोर सरांचं नाव घेतलं तर त्यांची नोकरी राहील की नाही कोण जाणे. आमच्यासाठी भांडलेला तो एकच माणूस होता. नाव नाही घेतलं तर माझी लेथ गेली. मला रडू येत होतं, पण त्या सगळ्यांसमोर मी रडणार नव्हते.

"सर," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते लेथपाशी आले, दोरा सोडवला, हार काढून बाजूला ठेवला आणि चावी चकातून उपसली.

"चावी मी खोचली, बाई. पोरींचा काही संबंध नाही."

"सर, निदान भाऊरावांसमोर तरी..." बाई म्हणाल्या.

"त्यांच्यासमोरच सांगायला हवं. घाव त्यांच्यावर बसला असता."

भाऊराव रुमालाने धोतर पुसत राहिले. सर माझ्यापाशी आले आणि चावी माझ्या हातात दिली. तिला अजून हळदकुंकू चिकटलेलं होतं. मग ते कोपऱ्यातल्या शिक्षेच्या बाकाकडे गेले, कानस उचलली, लोखंडाचा तुकडा शिकंज्यात आवळला आणि घासायला लागले.

मुलांना मशीनवर शिकवणार कोण, असं बाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं. कानशीचा करकर आवाज तेवढा चालू राहिला.

मी लेथपाशी गेले. चक हाताने एकदा पूर्ण फिरवून पाहिला. मोकळा होता. दाराशी येऊन मेन स्विच वर केला, तेव्हा पंखा पुन्हा फिरायला लागला.

"आता दाबा," मी भाऊरावांना म्हटलं. "चावी माझ्याकडे आहे."